अस्वलाच्या वाटेवरचं लपण

अस्वल नामदेवच्या छातीवर होतं आणि मी वीस पावलांवर उभी राहून जेवणाचा डबा दगडावर बडवत होते. दुसरं काही हाताशी नव्हतं. डबा पार चेपला, तेव्हा कुठे अस्वलाने मान वर केली. मग ते वळलं, पळसाखालची दोन पिल्लं त्याच्या पाठीवर चढली आणि ते डोंगराला लागलं. नामदेवचा चेहरा... ते लिहीत नाही. तो माझा धाकटा भाऊ. सहा दिवस दवाखान्यात होता. गेला त्याला आता महिना झाला.

लोक म्हणतात फार मायाळू माणूस होता. तसा काही नव्हता. हट्टी होता. धामणगाव बढ्याच्या आसपासच्या खेड्यांत पायी टपाल वाटण्यात त्याचा जन्म गेला, आणि त्या पायपिटीत पाखरं पाहायची सवय लागली. रिटायर झाल्यावर एक जुना कॅमेरा घेतला आणि मग घरच्या तुरीकडेही बघेना. खंड्या, तांबट, पाण्यावर आलेली रोही म्हणजे नीलगाय, सगळ्यांचे फोटो काढले. बसायचा मात्र दगडासारखा. अंगावर मुंगळे चढले तरी हलायचा नाही.

नाल्याच्या काठी त्याने तुराट्यांची आणि पोत्यांची एक खोपटी केली होती. तिला तो लपण म्हणायचा. तिथे आम्ही दोघं जायचो, तो आत बसायचा आणि मी मोठ्याने बडबडत परत निघायची.

"कोनाशी बोलू? लोक येडी म्हनतीन मले," मी म्हणायची.

"म्हनू दे, बाई. पाखराले मोजता येत नाही. एक जाताना दिसलं, की त्याले वाटते सारे गेले."

"तुले तं येते ना मोजता? मंग या महिन्यात किती दिवस घरी जेवला, सांग."

यावर तो हसायचा. पण युक्ती खरी होती. मी वळणापर्यंत जात नाही तोच पाखरं पाण्यावर उतरायची.

पाठीवर पिल्लं घेतलेल्या अस्वलाचा फोटो काढायचं त्याच्या मनात दोन वर्षं होतं. जुन्या कॅमेऱ्यात लांबचं नीट येत नसे, म्हणून त्याने लपण उचलून अस्वलाच्या पाणवाटेला अगदी लागून आणलं. मी म्हटलं, "नाम्या, पाखरू मोजत नाही हे ठीक. अस्वल हुंगते, बे."

"वारा त्याच्याकडून आपल्याकडं आहे," तो म्हणाला.

दुपार कलली की त्या नाल्यात वारा फिरतो. गावातली बकरीसुद्धा त्या वेळी जागा बदलून बसते. त्यालाही ते माहीत होतं... पण त्या दिवशी त्याला फक्त फोटो दिसत होता. मी बडबडत निघाले, गुडघा दुखला म्हणून वळणावर बसले. तिथेच त्याचं ओरडणं ऐकू आलं.

तिसऱ्या दिवशी फॉरेस्टवाला जबाब घ्यायला येणार होता. पाहणारी मी एकटीच. मी सांगेन त्यावर पिंजरा लागायचा की नाही ते ठरणार होतं. नामदेवची बायको सुमन मला दवाखान्याच्या जिन्यात म्हणाली, "बाई, रोज वावरात येते, मानसाच्या अंगावर येते, असं सांगा. घेऊन जातीन त्याले." गावालाही तेच हवं होतं. खरं सांगायचं तर मलाही. ते अस्वल मेलं असतं तर मला त्या दिवशी बरं वाटलं असतं.

नामदेवच्या तोंडाला टाके होते. मला जवळ बोलावून म्हणाला, "खरं सांगजो. वाट तिची होती, त्या पिल्लावालीची."

मी त्याला चार शिव्या दिल्या. मग खाली जाऊन फॉरेस्टवाल्याला खरं सांगितलं. लपण तिच्या वाटेवर होतं, पिल्लं सोबत होती, ती पाण्यावर चालली होती.

पिंजरा लागला नाही. सुमन अजून माझ्याशी बोलत नाही. तिचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

परवा बकऱ्यावाल्याने सांगितलं, ते अस्वल त्याच नाल्यात पाण्यावर येतं. ते वाचलं, दोन्ही पिल्लं वाचली, आणि खोटं बोलण्यातून मी वाचले.