दयाराम पेंटरची पिवळी भिंत

ते भांडण मी ऐकलं ते नव्व्याण्णव साली. फुलपाड्याच्या आमच्या चाळीत भिंत एक आणि संसार दोन.

“मनाचा आजार, असं हातभर अक्षरांत लिहिणार? त्यापेक्षा आपल्या दारावरच लिहा ना, पेशंट आत बसलाय म्हणून!” पलीकडून प्रेमलता म्हणत होती.

“हळू बोल. काकू ऐकतील.”

“काकू रोजच ऐकतात.”

काकू म्हणजे मी, आणि खोटं नव्हतं ते. तिचा नवरा दयाराम पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मधे त्याच्या छातीत उगाच धडधडायचं, शिडीवर चढला की हात गार पडायचे. एका डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी सावरला. हे ठाऊक फक्त आम्हा तिघांना. बाहेर कळलं तर वेड्या पेंटरला काम कोण देणार, ही प्रेमलताची धास्ती. मलाही ती चुकीची वाटत नव्हती.

त्याच बाईंनी वटार गावच्या, गाणं शिकवणाऱ्या अँथनी मास्तरांना धरून बेत काढला. महिन्यातून एक रविवार मंडईजवळच्या हॉलमध्ये मास्तरांची फुकट गाणी. शेजारच्या खोलीत बाई बसणार, ज्याला मनातलं बोलायचंय त्याने जावं. जाहिरात मंडईच्या भिंतीवर, दयारामच्या हातची.

बायकोचं ऐकून त्याने ‘गाण्यांची संध्याकाळ’ लालभडक रंगवलं आणि खाली ‘मनाचा आजार लपवू नका’ फिक्या गुलाबीत, बारीक. हॉल भरला. लोकांनी फर्माइशी केल्या, टाळ्या पिटल्या, घरी गेले. खोलीत बाई एकट्याच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दयाराम ओट्यावर येऊन बसला.

“काकू, तुम्ही वाचलंत ना?”

“मी दुसरी शिकलेली. वरचं वाचलं. खाली मला वेलबुट्टी वाटली.”

तो हसला नाही. “माझ्यासारखा कुणी तिथून गेला असेल, त्यालाही वेलबुट्टीच वाटली असेल तर?”

उठला तो थेट मंडईत. भिंतीला पिवळा हात मारला, वाळल्यावर दोरीने रेघा आखल्या आणि काळी, जाडजूड अक्षरं काढली. मनाचा आजार वर, गाणी खाली. प्रेमलता धावत आली.

“निदान नाव तरी टाकू नका!”

पेंटरने कोपऱ्यात नाव टाकायचंच, त्यावर तर पुढची कामं येतात. भाजीवाल्या बघत होत्या. त्याने लिहिलं, ‘मीही या डॉक्टरांकडे जातो. दयाराम पेंटर.’ तेवढी एकच ओळ वाकडी आली.

सातिवलीच्या एका गोदामवाल्याने दिलेलं काम काढून घेतलं. प्रेमलता चार दिवस बोलली नाही, तिची भांडी मात्र बोलत होती. पुढच्या रविवारी मी हॉलमध्ये गाण्याकडे पाठ करून त्या खोलीच्या दारावर डोळा ठेवून बसले. दोन गाणी झाली, कुणी नाही. तिसऱ्याला एक बाई उठली, आवाज नको म्हणून चपला हातात घेऊन आत गेली. मग एक म्हातारबुवा.

“काकू, टक लावून बघू नका,” मागून दयाराम कुजबुजला, “लाजतील हो.”

पुढे सहा-सात वर्षं ते रविवार चालले. फ्लेक्स आले, पाट्यांची कामं आटली, पण या भिंतीवरची तारीख दर महिन्याला तोच बदलायचा. दोन हजार सहाचा जूनचा रविवार काही त्याला बघायला मिळाला नाही, आदल्या आठवड्यात झोपेतच गेला. जाण्याच्या दोनच दिवस आधी तो मंडईत गेला होता. प्रेमलताने शिडी धरली. त्याने मे महिन्याच्या २१ तारखेवर पिवळा हात मारला, वाळेपर्यंत चहा घेतला, मग १८ काढले, ठसठशीत. शिडी सायकलला बांधली, आणि दोघं घरी आली.