योहानच्या पियानोत तेल

व्हय, पियानोत तेल मीच घातलं होतं.
कुणी विचारलं न्हाई. तरी सांगतो.

आणीबाणी उठल्यानंतरची गोष्ट. भोसरीत एका कंपनीत मी फिटर, योहान लेथवर टर्नर. तो मिशनच्या शाळेत पियानो शिकलेला.
कंपनीच्या हॉलमध्ये एक जुना पियानो होता. कुठलातरी गोरा इंजिनिअर जाताना टाकून गेलेला.

फर्स्ट शिफ्ट सुटली की योहान हात धुऊन तिथं बसायचा.
रोज एक नवी धून. दोन मिनिटांची. स्वतः बसवलेली.
जॉबकार्डाच्या पाठीवर लिहून वर नाव टाकायचा. "ड्रिल तुटलं." "सुपरवायझर शिंकला."

मी म्हणायचो, "कुणाला ऐकवायचंय राव एवढं?"
"तू रोज आंघोळ करतो, ती कुणाला दाखवतो?"

पावसाळ्यात पियानोच्या तारा बेसूर व्हायच्या. तो पान्यानं तारांच्या खुंट्या पिळायचा, त्या करकरायच्या.
करकर ऐकली की फिटरचा हात ऑइलकॅनकडं जातोच.

तो बापाच्या मातीला नगरला गेला. मी एकूणएक खुंटीला तेल सोडलं.
वाटलं, खूश होईल गडी.

आला. तार पिळली, सैल. परत पिळली, परत सैल.
खुंटी लाकडात घट्ट रुतते म्हणून तार ताणून राहते, हे मला काय ठाऊक?

"कुणी हात लावला रे?"
मी म्हणालो, "हवा दमट हाय."
त्यानं खुंटीवर फिरवून बोट नाकाला लावलं. माझ्याकडं बघितलं न्हाई.

तरी रोज बसायचा. जेवढे सूर धड होते तेवढ्यातच धून करायचा.
सूर कमी होत गेले. धून आखूड होत गेली.
एक दिवस चार सूर वाजवले आणि झाकण लावलं.
परत कधी बसला न्हाई.

चाळीस वर्षं शेजारी राहिलो. एकदाही विषय काढला न्हाई त्यानं.
ते चार सूर मला अजून ऐकू येतात. कानाचं मशीन काढून ठेवलं तरी.

काल त्याला माती दिली.
आधी त्याची पोरगी माझ्याकडं आली. "काका, चर्चचे पाळक साहेब विचारतायत, पप्पांना आवड कशाची होती? काय सांगू?"
मी म्हणालो, "चहाची."
पाळक साहेबांनी सगळ्यांसमोर तेच सांगितलं.

पोरी, चुकीचं सांगितलं मी. तुझा बाप रोज एक धून करायचा. माझ्यामुळं थांबला.

योहान, नीज बाबा.

हे वाचून फोन करू नका कुणी. याच्यापुढं एक शब्द बोलणार न्हाई.