पडद्यामागून दिलेलं उत्तर

"सुई-दोरा असेलच तुझ्याजवळ," सर म्हणाले. "शिंप्याच्या मुलीकडे नाही तर कुणाकडे असणार?"

होता. नेहमीच असायचा. मी पिशवीत हात घालून काढून दाखवला. का दाखवला, ते मला आजवर कळलेलं नाही. नाही म्हणता आलं असतं.

कॉलेजच्या सभागृहात त्या दिवशी गणित मंडळाचा कार्यक्रम होता. अर्ध्या तासात मद्रासहून एक मोठे गणिती येणार होते. मंचावर फळा, फळ्यामागे जांभळा मखमली पडदा. पडद्याची खालची पट्टी उसवून लोंबत होती. त्या फळ्यापाशी उभं राहून मी माझी सिद्धता मांडायची, असं सरांनीच चार दिवस आधी सांगितलं होतं. मी आईची ठेवणीतली साडी नेसून आले होते.

"एवढी पट्टी शिवून टाक. मागे बसून कर, म्हणजे दिसणार नाहीस."

"आणि माझा पेपर, सर?"

"तो वाचेल."

तो म्हणजे विमान कारखान्यातल्या बड्या इंजिनिअरचा मुलगा. आमच्याच वर्गात होता. घरी मराठी, पुण्याचं. सरांचं आणि त्याच्या वडिलांचं जाणं-येणं होतं. तो खिडकीपाशी टाय नीट करत उभा होता. माझ्याकडे बघितलं नाही.

"मुलगी फळ्याशी उभी राहिली की मागच्या बाकांवरून शिट्ट्या येतात," सर म्हणाले. "पाहुण्यांसमोर शोभा नको. शिवाय तुझं इंग्रजी. तुझं मराठीसुद्धा धड मराठी नाही, अर्धं कानडी. गणित तर तेच आहे ना? कुणी का सांगेना."

त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिले.

मग पडद्यामागे जाऊन जमिनीवर बसले आणि दोरा ओवला.

मला ओळखणारे हे वाचून हसतील. मी भांडकुदळ आहे. डोकं लवकर तापतं. चिकपेटेच्या कापडबाजारातल्या आमच्या गल्लीत सगळे म्हणायचे, या पोरीशी घासाघीस करायला जाऊ नका. माझं शिक्षण मी घासाघीस करूनच मिळवलंय. तेरा वर्षांची झाले तेव्हा अण्णा म्हणजे माझे वडील म्हणाले, शाळा पुरे. दुकानात हात कमी पडत होते. मी म्हटलं, "रोज सकाळी शाळेआधी साठ काजं करीन."

"ऐंशी," अण्णा म्हणाले.

"सत्तर. रविवारी शंभर."

अण्णा कात्री थांबवून हसले. "सरी," म्हणाले, म्हणजे ठीक. "बापाशी सौदा करतेस, नवऱ्याचं काय करशील?"

बटणाच्या घराला आम्ही काज म्हणतो. सत्तर काजं म्हणजे सत्तर वेळा कापड चिरायचं आणि ती चीर दोऱ्यानं बांधून काढायची. डाव्या हाताचं पहिलं बोट कायम टोचलेलं. दर इयत्तेला मी नवा सौदा केला. इंटरला झंपरांची कापणी शिकून घेतली. बी.एस्सी.ला मापं घ्यायचं काम अंगावर घेतलं. प्रत्येक वेळी काहीतरी दिलं आणि एक वर्ष घेतलं. मला वाटायचं, जग असंच चालतं. द्यायचं आणि घ्यायचं.

कॉलेजात गणिताला आम्ही दोघीच मुली. मी आणि सरोजा. आम्हाला सरांशिवाय वर्गात शिरायची मुभा नव्हती. जिन्याखाली मुलींची खोली होती, तिथे बसायचं. तास सुरू व्हायच्या वेळी सर दारावरून जात. जाताना खाकरत. खाकरल्यावर आम्ही उठायचं, त्यांच्या मागून चार पावलं अंतर ठेवून वर्गात जायचं, भिंतीकडच्या बाकावर बसायचं. तास संपला की आधी सर, मागून आम्ही. मुलं त्यानंतर. सर तास सुरू करताना "जंटलमेन" म्हणत. दोन वर्षं रोज. सरोजा म्हणायची, "आपण कोण गं मग? सरांच्या कोटाचं शेपूट?" आम्ही हसायचो. हसायचो आणि मागून जायचो.

कधीकधी सर खाकरायला विसरत. तो तास बुडायचा.

माझी सिद्धता मला वर्गात सुचली नव्हती. दुकानात सुचली. शिवणीसाठी कापडाच्या कडेला जे जास्तीचं सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. खांद्याला वेगळी माया, काखेत वेगळी, गळ्याला अगदी कमी. पुस्तकात एक प्रमेय होतं. न तुटणारी वक्ररेषा असते, तिच्या प्रत्येक बिंदूपाशी थोडी मोकळीक सोडावी लागते, दर ठिकाणी वेगळी. प्रमेय म्हणतं, रेषेला दोन्ही टोकं असतील तर सगळीकडे चालेल अशी एकच मोकळीक काढता येते. पुस्तकातली सिद्धता उलट्या वाटेनं जायची. असं नाही असं धरा, मग अडचण दाखवा. मला ती आवडली नाही. मी झंपराची बाही आखत होते आणि मला दिसलं, अंग झाकायला तुकडे मोजकेच लागतात. बिंदू अगणित असू देत. तुकडे मोजके. त्या मोजक्या तुकड्यांतली सगळ्यात लहान माया घेतली की ती सगळीकडे चालते.

मी तिथेच, अण्णांच्या खाकी कागदावर, बाहीच्या आखणीशेजारी सगळं लिहून काढलं. मोजक्या तुकड्यांची पायरी शब्दांत लिहिलीच नाही. बाहीचे तुकडे आखून त्यांवर आकडे घातले. आमच्याकडे कापणी अशीच समजावतात. मग स्वच्छ प्रत केली, तरी ते चित्र तसंच ठेवलं. सरांनी वाचून मान हलवली होती. "बरं आहे," म्हणाले होते. त्या दोन शब्दांवर मी चार दिवस जेवले नव्हते, इतका आनंद.

पडद्यामागे अंधार नव्हता. वरच्या झरोक्यातून ऊन येत होतं. मखमल जाड, सुई ओढायला जोर लागायचा. टाके बारीक घालत होते. कुणी न सांगता बारीक. तेच मला जास्त टोचतं. वाईट शिवायचं सुचलंच नाही.

पलीकडे टाळ्या झाल्या. पाहुणे आले. सरांचं भाषण झालं. मग तो मुलगा बोलायला लागला. माझी वाक्यं, एकामागून एक. त्याचा आवाज चांगला होता. खरंच चांगला. माझं गणित असं ऐकायला भारदस्त वाटत होतं, आणि क्षणभर मला अभिमानही वाटला. लाज वाटते लिहायला, पण वाटला.

मग त्यानं ती पायरी सोडली.

चित्र त्यानं फळ्यावर काढलंच नाही. शिंप्याच्या दुकानातली आखणी चुकून कागदावर राहिली, असं त्याला वाटलं असणार. प्रत्येक बिंदूपाशी मोकळीक आहे, असं म्हणून तो थेट म्हणाला, यातली सगळ्यात लहान घेऊ.

पाहुण्यांनी थांबवलं. "बिंदू अगणित आहेत," ते इंग्रजीत म्हणाले. "तुमच्या मोकळिकी लहान लहान होत शून्याला भिडल्या तर? सगळ्यात लहान अशी असेलच कशावरून?"

खडू थांबला. सर "वेल, वेल" म्हणाले आणि थांबले. त्यांनाही येत नव्हतं. त्यांनी वाचून मान हलवली होती आणि त्यांना ते कळलंच नव्हतं.

माझी सुई कापडात अर्धी गेलेली.

मी काय करायला हवं होतं, ते मला नंतर हजार वेळा सुचलंय. पट्टी फाडून बाहेर यायला हवं होतं. किंवा गप्प बसायला हवं होतं. त्याला तिथे तसाच उभा ठेवायला हवा होता. पण चूक तिथे लोंबत होती आणि मला ती बघवेना. मी बसल्या जागेवरून बोलले. माझ्या त्या अर्ध्या इंग्रजीत.

"तुकडे मोजकेच पुरतात. मोजक्यांतली सगळ्यात लहान घ्या."

एवढंच. आवाज चिरका आला.

मग पाहुणे म्हणाले, "बरोबर. अगदी बरोबर. पण हे बोललं कोण?"

सर हसले. त्यांचं ते हसू मी ओळखते, मापं देताना गिऱ्हाईक हसतं तसं. म्हणाले, "साहेब, आमच्या कॉलेजात पडद्यांनासुद्धा गणित येतं."

सगळं सभागृह हसलं. शंभर-दीडशे माणसं. पाहुणेही हसले. मुलानं फळ्यावर ती पायरी लिहिली, मला खडूचा आवाज ऐकू आला. टाळ्या पडल्या.

मी गाठ मारून दोरा दातांनी तोडला. पट्टी पुरी झाली होती.

तो आवाज तेव्हापासून माझ्या मागे आहे. वर्गात शिकवताना मध्येच ऐकू येतो, चिरका, जमिनीच्या उंचीवरून. माझाच आवाज, पण मी उभी आणि तो बसलेला. कुणी विद्यार्थी अडला की त्याच्याआधी तो उत्तर देतो. मी बोलता बोलता थांबते. पोरांना वाटतं, बाई विसरल्या.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मी मुलींच्या खोलीत बसले नाही. सरोजाला म्हटलं, "चल." ती म्हणाली, "अजून खाकरले नाहीत." मी म्हटलं, "खाकरू देत." ती आली नाही. तिला मी दोष देत नाही. मी एकटी जिना चढले, वर्गात गेले आणि पहिल्या बाकावर बसले. मागून एक शिट्टी आली. एकच. मी वळून बघितलं तर पुन्हा आली नाही.

सर आले. दारात थांबले.

"बाहेर जा. मी बोलावल्यावर ये."

"मी आलेय, सर."

ते वळले आणि निघून गेले. तास झाला नाही. दुपारी त्यांच्या खोलीत बोलावणं आलं.

त्यांनी समोर एक कागद ठेवला होता. एम.ए.च्या प्रवेशासाठी शिफारसपत्र. टाइप केलेलं, फक्त सही बाकी. त्या पत्राशिवाय जागा मिळत नसे. आमच्या वर्गातून एकालाच मिळणार होतं. मला वाटलं होतं, ते त्याला देतील. पण नाव माझं होतं.

"तू हुशार आहेस," सर म्हणाले. "मला कळत नाही असं समजू नकोस. तो पेपर कॉलेजच्या अंकात त्याच्या नावानं जाईल. ते ठरलंय, त्याच्या वडिलांना कळवलंय. तुला हे पत्र. पुढचा पेपर तुझ्या नावानं. आणि उद्यापासून पूर्वीसारखं मागून येत जा. आहे कबूल?"

सौदा चांगला होता. मी सौदे ओळखते. एका पेपरच्या बदल्यात दोन वर्षं. अण्णांकडून मी याहून वाईट अटींवर वर्षं घेतली होती. माझं तोंड हो म्हणायला उघडलंसुद्धा.

पण अण्णांना मी काजं देत होते. माझ्या बोटांचं काम. ते पुन्हा करता यायचं. इथे हा माणूस मला सांगत होता की ते मला सुचलंच नव्हतं, असं मी कबूल करावं. मग पुढचं जे सुचेल त्याचंही हेच. दर वेळी एक पत्र आणि दर वेळी मी जमिनीवर.

"नाव माझं घाला," मी म्हटलं. "पत्र त्याला द्या."

"मूर्ख आहेस."

"असेन, सर."

"तुझ्या वडिलांशी बोलतो मी."

बोलले. अण्णा त्यांचे कोट शिवत. संध्याकाळी अण्णा घरी आले ते माझ्याकडे न बघता हात धुवायला गेले. हात पुसत म्हणाले, "पत्र घ्यायचं होतंस गं. नावाला काय करायचंय?"

"तुम्ही शिवलेल्या कोटावर दुसऱ्यानं आपली चिठ्ठी शिवली तर?"

"शिवतातच की," अण्णा म्हणाले. "मोठी दुकानं आमच्याकडून शिवून घेतात आणि आपली चिठ्ठी लावतात. मी काय भांडत बसतो?"

ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या रात्री मला कळलं की अण्णांनाही कुणीतरी कधीतरी पडद्यामागे बसवलेलं आहे आणि ते तिथेच राहिले. मी त्यांच्यावर चिडले. अजूनही चिडते. ते गेले तरी.

पत्र त्या मुलाला मिळालं. अंक छापून आला, पेपर त्याच्या नावानं, माझ्या पायरीसकट. मी आनेकलच्या शाळेत शिक्षिका झाले. तीन वर्षं सकाळच्या बसनं जाऊन पोरींना अपूर्णांक शिकवले. मग एम.ए.ची परीक्षा बाहेरून दिली, मग दुसऱ्या गावी संशोधन, मग डॉक्टरेट. लोक म्हणतात, बघा, शेवटी झालं ना चांगलं. झालं ते मी केलं. त्यात त्या दिवसाचा काही वाटा नाही.

आता कॉलेजला माझा सत्कार करायचा आहे. आमच्याकडून गणितात डॉक्टर झालेली पहिली बाई, असं निमंत्रणात छापणार आहेत. मी उत्तर पाठवलं, आधी त्या अंकातलं नाव दुरुस्त करून छापा. तीनदा पाठवलं. शेवटी त्यांचे सचिव घरी आले. सज्जन माणूस. कॉफी घेतली. म्हणाले, "मॅडम, जुनी गोष्ट आहे. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि, थोडं सांभाळून घ्या. सर आता अंथरुणाला खिळलेत, डोळे गेलेत. या वयात त्यांना कशाला दुखवायचं?"

मी म्हटलं, "म्हणूनच घाई आहे."

ते समजले नाहीत. कॉफी संपवून गेले.

सत्काराला मी जाणार नाही. कॉलेजवाल्यांनो, तुम्ही ते नाव छापलं नाहीत म्हणून हे मी लिहिलं. सरांचं नाव घातलेलं नाही. त्यांना कळेल. त्यांना दिसत नाही, हे मला कळलंय. या रविवारी मी त्यांच्या घरी जाणार आहे. त्यांच्या खाटेसमोर खुर्ची ओढून बसणार आहे आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत हे मोठ्यानं वाचणार आहे. ते झोपले तर उठवीन. त्यांनी विचारलं, कोण बोलतंय, तर या वेळी माझं नाव सांगीन.