तिच्या नळीला मानवलेली गोळी

माझी मैत्रीण प्रमिला गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावला गच्चीवर वाळत घातलेले ज्वारीचे पापड, आमच्या बिबड्या, उलटत होते. तिच्या मुलीचा, मेधाचा फोन. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. आजार घरात सगळ्यांना माहीत होता, त्यामुळे धक्का म्हणता येणार नाही. तरी मी उरलेल्या बिबड्या तशाच टाकून खाली आले, आणि धुळ्याच्या बसमध्ये बसेपर्यंत माझ्या बोटांना ज्वारीचं पीठ लागलेलंच होतं.

हा लेख मी तेव्हा लिहिणार नव्हते. अजूनही लिहिला नसता. पण तेराव्यानंतर रायफल क्लबने शोकसभा ठेवली आणि तिथे आमचे एक माजी सचिव बोलायला उभे राहिले. नाव लिहीत नाही, धुळ्यात ते ज्यांना माहीत असायला हवं त्यांना माहीत आहे. प्रमिलाला क्लबात अक्का म्हणत. डोळ्याला रुमाल लावून ते म्हणाले, "अक्का म्हणजे माझी धाकटी बहीण. स्पर्धेत हात जरा थरथरायचा तिचा, पण मन फार मोठं." लोकांनी माना डोलावल्या. मी उठत होते, पण मेधाने माझा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, "मावशी, आज नको." म्हणून त्या दिवशी गप्प बसले. आज बसणार नाही.

प्रमिला मूळची पिंपळनेरची, मी अमळनेरची. अमळनेरच्या कॉलेजात आम्ही एकाच वर्गात होतो आणि एनसीसीतही एकत्रच. पहिल्या कॅम्पला आम्हा मुलींना पॉइंट टू-टू रायफल हातात दिली, तेव्हा माझे डोळे आवाजानेच मिटले. प्रमिला मात्र पालथी झोपली, गाल लाकडाला टेकवला आणि अशी स्थिर झाली, की हवालदारसाहेब म्हणाले, "ही मुलगी झोपली की काय?" निशाण बघायला गेलो तर तिची भोकं एकमेकांना चिकटलेली. माझी शोधावी लागली. पुढे ती धुळ्याच्या मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाली, मी जळगावला वीज कंपनीत लागले. लग्नं झाली, मुलं झाली, पण तिने धुळ्याच्या रायफल क्लबात नाव घातलं आणि मलाही ओढलं. रविवारी सकाळच्या एसटीने मी धुळ्याला जायची. पुरुषांच्या त्या क्लबात आम्ही दोघीच बायका. आमच्यासाठी वेगळी चटई नव्हती, मग तिने घरची सतरंजी आणली. पुढे तिने परवाना काढून स्वतःची रायफल घेतली. तिचे यजमान सुधाकरभाऊ म्हणत, "लोकांच्या बायका पाटल्या मागतात..." पण म्हणताना हसत.

आता गोळ्यांचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, रायफल तीच, माप तेच, मग गोळीत काय निवडायचं? एकाच कंपनीची, एकाच रंगाच्या डबीतली, वजनाला सारखी गोळी. पण कारखान्यातून एका वेळी निघालेला माल, म्हणजे एक लॉट, दुसऱ्या लॉटसारखा कधीच नसतो. आणि प्रत्येक रायफलच्या नळीची आवड निराळी. एका नळीला जो लॉट मानवतो, तो शेजारच्या नळीला मानवेलच असं नाही. हे पुस्तकात वाचून कळत नाही, मारून बघावं लागतं. प्रमिलाने एक अख्खा हिवाळा त्यात घातला. सकाळी वारा पडलेला असताना ती रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवायची, एका लॉटच्या गोळ्या मारायची, कागद बदलायची, मग दुसरा लॉट. मधे नळीतून थोड्या गोळ्या नुसत्याच मारून घ्यायची, कारण गोळीवरच्या मेणाची नळीला सवय व्हावी लागते. मी दुर्बिणीतून बघून सांगायची. बहुतेक लॉट बरे होते. एकाचीच भोकं अशी पडली, की शर्टाच्या बटणाखाली झाकली जावीत. तो कागद तिने उन्हाकडे धरला आणि म्हणाली, "सुमन, हाई शे मनी गोळी." ही माझी गोळी.

त्या लॉटच्या डब्या तिने वेगळ्या काढल्या. बाहेरून ओळखू येण्यासारखं काही नव्हतं, झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक छापलेला आकडा तेवढा निराळा. म्हणून तिने प्रत्येक डबीच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने स्वस्तिक काढलं. गोळ्या क्लबच्या नावावर यायच्या, त्यामुळे ठेवायच्या क्लबच्याच लोखंडी कपाटात, आणि किल्ली सचिवांकडे. राज्य स्पर्धा पुण्याला होती. राज्याच्या संघात जायची तिची ती शेवटचीच संधी होती, हे तिला, मला आणि सचिवांनाही माहीत होतं. संघाचे व्यवस्थापक म्हणून तेच सोबत आले होते. त्यांचा पुतण्याही पुरुषांच्या गटात होता.

रेंजवर आपली जागा घेतल्यावर प्रमिलाने पिशवी उघडली. डब्या तशाच, रंग तोच. तिने पहिल्या डबीचा कोपरा बघितला, मग दुसरीचा, मग झाकण उघडून आकडा वाचला. मागे वळून ती सचिवांना म्हणाली, "नाना, या माझ्या नाहीत." ते हसले. "अक्का, कंपनी एक, डबी एक. गोळी ती गोळी. आता मनात किंतु आणू नका." पंचांनी वेळ सुरू केली. तिने मारलं. मी दुर्बिणीला डोळा लावून होते आणि एकेक भोक मला दिसत होतं... एक वर, एक डावीकडे, एक बरोबर मध्यावर, पुढचं पुन्हा बाहेर. तिचं शरीर दगडासारखं होतं. थरथरणारं त्यात काहीच नव्हतं. मी तिला तेव्हा बघितलं आहे, आणि मी जिवंत आहे तोवर हे कोणी मला शिकवू नये. थोडक्या गुणांनी ती संघाबाहेर राहिली. सामान आवरून आम्ही पुरुषांच्या गटाकडे गेलो, तर पुतण्या झोपून मारत होता आणि त्याच्या कोपराशी डबी उघडी पडली होती. कोपऱ्यावर पेन्सिलीचं स्वस्तिक.

पुतण्याच्या नळीला तो लॉट मुळीच मानवला नाही. त्याची भोकं कागदभर पसरली. मला तेव्हा जो आनंद झाला तो मी आजही लपवत नाही.

धुळ्याला परतल्यावर तिने कमिटीपुढे तक्रार केली. सचिव म्हणाले, गडबडीत पिशव्यांची अदलाबदल झाली असेल. कमिटीने चहा मागवला आणि विषय संपवला. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. गावात, क्लबात, पाहुण्यांसमोर ते सांगत राहिले, की अक्का ऐनवेळी घाबरल्या, हात थरथरला, बाईमाणूस आहे, व्हायचंच. शाळेतल्या मुलींच्या कानावरही ते गेलं. एका मुलीने तिला सरळ विचारलं, "मॅडम, तुम्ही घाबरला होता का?" त्या रविवारी परत येताना स्टँडपर्यंत ती माझ्याबरोबर चालत आली. मी तिला म्हटलं, सोड आता, आपलं वय काय. ती थांबली. एरवी माझ्याशी शहरातलं मराठी बोलणारी बाई, त्या दिवशी पुन्हा आईच्या अहिराणी बोलीत म्हणाली, "मी त्याले सोडाव नही." आवाज चढलेला नव्हता. त्यामुळेच मला ते खरं वाटलं.

तिने संधीची वाट बघितली. पुण्याहून परत आलेल्या डब्या कपाटात मागे पडून होत्या. त्यांना कोणी हात लावत नव्हतं, कारण त्या वाईट निघाल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त म्हणत कोणी नव्हतं. मग क्लबाचा वार्षिक दिवस आला. मांडव, खुर्च्या, शहरातले पाहुणे. सचिवांनी माईक घेऊन सांगितलं, "आता आमच्या अक्का नेमबाजी दाखवतील. चुकल्या तरी टाळ्या वाजवा." हशा झाला. प्रमिला पुढे आली आणि म्हणाली, "आधी मान नानांचा. माझीच रायफल घ्या, नाना. आणि पुण्याच्या त्या गोळ्या कपाटात आहेत, त्याच घ्या."

नाही म्हणायला जागा नव्हती. ते वाईट नेमबाज होते असं मी म्हणणार नाही. त्या रायफलीने, चांगल्या गोळीने त्यांनी बरं मारलं असतं. पण भोकं पसरत गेली. तिसऱ्या की चौथ्या गोळीनंतर त्यांनी मान वर केली आणि वैतागून मोठ्याने म्हणाले, "या गोळ्याच बरोबर नाहीत."

प्रमिला त्यांच्याजवळ उकिडवी बसली. "काय म्हणालात नाना? पाहुण्यांना ऐकू आलं नाही."

नाना डबीचं झाकण उघडून बघू लागले.

"कंपनी एक, डबी एक. गोळी ती गोळी. हात थरथरला असेल तुमचा."

मग तिने त्यांना उठवलं, स्वतः झोपली, नळी रुळवायला मातीच्या बांधात थोड्या गोळ्या घालवल्या आणि आपल्या लॉटच्या उरलेल्या गोळ्यांनी मारलं. कागद तिने पाहुण्यांकडे नेला नाही. सचिवांच्या हातात दिला आणि त्यांच्याकडूनच सगळ्यांना दाखवून घेतला. पुढच्या सभेत कपाटाची किल्ली तिच्याकडे आली आणि त्यांचं पद गेलं.

इथे थांबली असती तर लोक तिला उदार म्हणाले असते. ती थांबली नाही. त्यानंतर ते जेव्हा जेव्हा गोळ्या मागायला आले, ती डबी उघडून झाकणावरचा आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची आणि म्हणायची, "बघून घ्या, नाना. मागून तक्रार नको." दर वेळी. बरीच वर्षं. ते आजारी पडले तेव्हा त्यांच्या घरून निरोप आला, एकदा येऊन भेटून जा. सुधाकरभाऊंनी तिला जायला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी त्या मुलींना जाऊन सांगावं, मी घाबरले नव्हते. मग येते." त्या मुली आता संसारात पडलेल्या, कोणी नाशिकला, कोणी सुरतेला. त्यांना कोण सांगणार होतं? ती गेली नाही. ते बरे झाले आणि तिच्या शोकसभेत रुमाल घेऊन उभे राहिले.

मला विचारतात, एवढं मनात कशाला ठेवायचं, माणूस तर गेलं. माणूस गेलं म्हणूनच. ती होती तोवर तिचं ती बघत होती. क्लबने तिच्या नावाने करंडक ठेवायचं ठरवलं आहे आणि तो माजी सचिवांच्या हस्ते द्यायचा आहे. स्मरणिकेसाठी माझ्याकडून चार चांगले शब्द मागितले होते. मी क्लबला कळवलं, की त्यांच्या हातून दिला जाणारा करंडक प्रमिलाच्या नावाचा नसेल, आणि मेधानेही तसंच लिहून दिलं आहे. करंडकाचं पुढे काय झालं ते अजून कळलेलं नाही. चार शब्द मात्र हे इथे दिले.

परवा धुळ्याला गेले होते. रायफल पोलीस ठाण्यात जमा आहे, मेधा आपल्या नावावर परवाना मागते आहे. घराला रंग चालला होता. सुधाकरभाऊ मला वरच्या खोलीत घेऊन गेले. तिथे समोरच्या भिंतीवर, जमिनीपासून थोडा वर, एक काळा ठिपका आहे. रोज सकाळी शाळेच्या आधी प्रमिला तिथे रिकामी रायफल घेऊन पालथी पडायची आणि त्या ठिपक्यावर नेम धरून नुसता घोडा ओढायची. रंगाऱ्याने तीन भिंती रंगवल्या होत्या आणि ती चौथी सोडली होती. भाऊंनीच सांगितलं होतं.

"ती म्हणायची," भाऊ म्हणाले, "मनात राग असला की ठिपका हलतो. तो बाहेर दाराशी ठेवायचा, मग झोपायचं. उठल्यावर परत उचलून घ्यायचा."

भाऊ चहा सांगायला खाली गेले. मी दार लोटलं, पदर खोचला आणि या वयात त्या फरशीवर पालथी झाले. रायफल नव्हती, म्हणून नुसतेच हात पुढे केले, एक डोळा मिटला आणि ठिपक्याकडे बघितलं.

तो हलत होता. मी बराच वेळ तशीच पडून राहिले... तो हलतच होता.