अर्ध्या मिनिटाच्या पुढं

नेकनूरच्या बसथांब्यामागं खताचं दुकान आहे. त्याच्या वरच्या खोलीत आदिनाथ एकटा राहायचा. पुण्यातली नोकरी सुटल्यावर गावाकडं आलता आणि इंटरनेटवर चालणाऱ्या फोनांच्या दुरुस्त्या घरबसल्या करायचा. कुणाचा कॉल कुठं जायचा होता अन् कुठं जाऊन अडकला, ते लॅपटॉपवर हुडकायचं आणि त्याची वाट मोकळी करायची. गिऱ्हाईक कधी डोळ्यांनी दिसत नसे. खालचा दुकानदार पंडित म्हणायचा, "वर माणूस ऱ्हातंय का मांजर, तेच कळंना बे." बापाचा पाटोद्याहून आठवड्याला एक फोन. जेवलास का, जेवलो, बरं मग. संपलं.

बीडच्या एका संस्थेनं ऊसतोडीला गेलेल्या बायांसाठी एक नंबर काढलेला. फडावरून बाईनं फोन लावायचा, बीडमधी अनिसा सिस्टरनं उचलायचा. तो सर्व्हर आदिनाथच्या हवाली होता. कॉल तुटतात म्हणून अनिसाची तक्रार तिसऱ्यांदा आली. आदिनाथनं आधी दोनदा केलेलं तेच केलं. मोबाईलवरून नंबर लावला.

"येतोय का आवाज?"

"येतोय."

"मला बी येतोय तुमचा. मग चांगलंच हाय की. ठेवा."

"ठेवू नका, आदिनाथभाऊ. तुमी दर बारीला असंच करता. येतोय का, येतोय, ठेवा. कुणाशी बोलायची सवय हाय का न्हाई तुमाला?"

ठेवायला नेलेलं बोट आदिनाथनं मागं घेतलं.

"ऐका. बाई आधी नाव सांगती. मग गाव, मग कारखाना. मग जरा घुटमळती. अन् ज्याच्यासाठी फोन लावलेला असतो, ते तोंडाशी आलं की..."

आणि फोन तुटला.

तिनं तिच्या मोबाईलवरून पुन्हा लावला. "आता खरं सांगा, तुमाला काय वाटलं?"

"तुमी ठेवला असं वाटलं."

"हां. बायांना बी तेच वाटतं. दिवस भरत आलेली एक बाई हाय. तीनदा लावला तिनं. तिसऱ्यांदा म्हनली, 'म्याडम, तुमाला लई कामं असतील.' तवापसून लावलाच न्हाई."

"माघारी लावा की तुमी."

"मुकादमाचा फोन हाय तो. कशाला लावलता म्हणून त्यानं इचारलं, तर काय सांगल ती? अंगावर दुखणं काढती, अन् एक दिवस झोपडीत पडली तर तो खाडा धरून पैसे कापतो."

आदिनाथनं लॅपटॉप पुढं ओढला. आपण कॉल जोडला जातो का तेवढंच बघितलं, टिकतो का ते कधी बघितलंच नाही, हे त्याला तेव्हा उमगलं. टिकणारा कॉल त्याच्या स्वतःच्या मोबाईलात तरी कुठं होता?

दोष सापडायला दुपार गेली. फोन उचलला की सर्व्हर बाहेर कळवतो, उचलला म्हणून. बाहेरून 'समजलं' असा निरोप माघारी यावा लागतो. संस्थेच्या ऑफिसात नवा राउटर बसवल्यापासून सर्व्हर बाहेरच्यांना आपला घरातलाच पत्ता देत होता. बाहेरच्याला तो पत्ता कशाला ठाऊक असतोय? निरोप भलतीकडंच जायचा. सर्व्हर अर्धा मिनिट वाट बघायचा, पलीकडं कुणी नाही असं धरायचा आणि तोडून टाकायचा. तोवर बोलणं चांगलं चाललेलं असायचं.

पत्ता बदलला. आता तपासायचं. अनिसाची लाईन अडवायला नको, म्हणून कॉल त्यानं घडीभर स्वतःच्या लॅपटॉपवर वळवला. एका कानाला मोबाईल, दुसऱ्या कानात इअरफोन.

"हॅलो," तो म्हणाला. दुसऱ्या कानात तोच म्हणाला, जरा उशिरानं.

पुढं काय बोलावं ते सुचंना. "जेवलास का?" त्यानं विचारलं. कानात विचारलं गेलं. "न्हाई अजून," त्यानं सांगून टाकलं. मग दोन्हीकडं शांत. अर्धा मिनिट सरला. लाईन तुटली नाही. तपासणी झाली होती, तरी त्यानं लगेच ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी भाकरीच्या वेळेला कॉल सुरू झाले. पडद्यावर एकेक नंबर हिरवा व्हायचा आणि त्याच्यापुढचे सेकंद वाढत जायचे. तीनदा तुटलेला मुकादमाचा नंबर त्यात नव्हता. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आदिनाथ बाहेर गेलाच नाही, पडद्यासमोर बसून राहिला.

चौथ्या दिवशी तो नंबर आला. अनिसानं उचलला. सर्व्हर हातात असल्यामुळं आदिनाथला खोलीत बसून सगळं ऐकता आलं असतं. त्यानं इअरफोन उपसून खाटेवर फेकला आणि नुसते सेकंद बघत राहिला. अर्धा मिनिट गेला. एक गेला. कॉल लई वेळ चालला.

संपल्यावर त्यानं अनिसाला फोन लावला.

"काय म्हनली ती?"

"ते तुमाला सांगायचं नसतं, भाऊ."

"बराबर हाय."

"उद्या दवाखान्यात आणायचं ठरलंय, एवढं सांगते. लाईन आता चांगली चालती."

"मग... तुमचं बाकी काय?"

"ठेवते हं, दुसरा फोन वाजायलाय."

पडद्यावर नवा नंबर हिरवा झाला आणि त्याचे सेकंद वाढत चालले.