डोंगरावरचा डबा आणि जाळपट्टा

महाळुंग्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. राहते रावेतला, माहेर लातूरकडचं. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे मशीन बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. सुट्टीच्या दिवशी तो एकटाच डोंगरांवर हिंडायचा. काय शोधता म्हणून विचारलं, तर त्यानं मोबाइल पुढे केला. नकाशावर एक खूण होती. त्या जागी कुणीतरी डबा लपवलेला असतो. तो शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा ठेवून यायचं. याला जिओकॅशिंग म्हणतात.

"मग आपल्याला मिळतं काय?" मी विचारलं.

"डबा मिळतो," तो म्हणाला.

मला हसूच आलं. पण पुढच्या गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीला, आम्ही तिघंचौघं त्याच्याबरोबर गेलो आणि एका कपारीत हात घातल्यावर खरंच डबा लागला. तेव्हापासून मला नाद लागला. तो परत गेला, आणि वर्षभरात मी स्वतःचा डबा लपवला. कंपनीमागच्या डोंगरावर, वरच्या टप्प्याला, दोन दगडांच्या मध्ये. स्वयंपाकघरातलाच, घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा. आत शंभर पानी वही आणि दोन पेनं. दीड-दोन महिन्यांनी चक्कर मारायची, वही कोरडी आहे ना बघायची. दिवसभर कंपनीत तपासणीच करते, त्यामुळे हे अंगवळणी पडलेलं.

एका हिवाळ्यात वडील आठवडाभर राहायला आले. त्यांचं सगळं आयुष्य बस चालवण्यात गेलेलं. पायी डोंगर चढायची सवय नव्हती. तरी म्हणाले, "बघू तरी तुझा डबा." काठी टेकत चढले. वर दगडावर बसून त्यांनी बराच वेळ विचार केला आणि वहीत लिहिलं : 'लेकीबरोबर आलो. दोनदा थांबलो. इथून तिची कंपनी दिसते. वारा छान आहे.'

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. घरी त्यांचे फोटो पुष्कळ आहेत, पण पत्र लिहायची त्यांना सवय नव्हती. त्यांच्या हातच्या चार ओळी म्हणजे एवढ्याच. पान फाडून घरी आणावं असं मनात आलं होतं. पण वही सगळ्यांची होती, आणि त्यांनी ते तिथं बसून लिहिलं होतं. वर गेले की मी ते पान उघडून वाचायचे. त्याचा फोटो काढावा असं कधी सुचलं नाही. वही कुठे जाणार होती?

मार्च महिन्यात एका दुपारी कँटीनच्या खिडकीतून डोंगरावर धूर दिसला. ताटावरून उठले. शिफ्ट सोडून जाता येईना. संध्याकाळपर्यंत अर्धा डोंगर काळा झाला.

गुरुवारी उजाडताच वर गेले. पायाखाली राख, गवताचे टोकदार खुंट. दोन दगड होते तिथंच होते. त्यांच्या मध्ये डब्याचं प्लॅस्टिक वितळून चिकटलं होतं. वहीची राखसुद्धा नव्हती, वाऱ्यानं नेली असावी. मी तिथंच बसून रडले.

खालून एक म्हातारे गृहस्थ चढत आले. डोक्याला टापशी, हातात कोयता. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं घर आणि गुरं होती. मी येता-जाता त्यांना मामा म्हणायचे.

"काय झालं, बाई?"

"मामा, कुणी लावली आग?"

ते म्हणाले, "मीच लावली. दरसाल लावतो. जाळलं की नवं गवत चांगलं येतं, असं आमी समजतो. खालच्या अंगालाच लावली व्हती. वारं फिरलं."

मी फार चिडले. नको तितकं बोलले. वडिलांचं सांगितलं, वहीचं सांगितलं. माझं संपल्यावर ते हळूच म्हणाले, "डबा मला ठावं हाय. दोन-तीनदा गुरांनी दगड ढकलला, डबा गडगडत खाली आला. मीच परत नेऊन ठिवला. मला वाचाया येत न्हाई, पर लोकांची नावं हायती एवढं कळलं व्हतं."

म्हणजे इतकी वर्षं माझ्या डब्याची राखण मी एकटी करत नव्हते. उतरताना त्यांनी माझ्यापुढे चालत खुंट कोयत्यानं आडवे केले.

घरी येऊन मी मोबाइलवर 'डबा जळाला' अशी नोंद टाकली. आठवड्याभरात आसपासच्या डोंगरांवर डबे लपवणारे आणखी पाच जण भेटले. भोसरीच्या एका वर्कशॉपमधला टर्नर, दोन आयटीवाले, एक शिक्षिका, एक निवृत्त नर्स. प्रत्येकाचा एखादा तरी डबा वणव्यात गेलेला. आम्ही मिळून वनखात्याच्या कार्यालयात गेलो. मला वाटलं होतं, आधी आम्हालाच ओरडा बसेल. तिथले वनरक्षक म्हणाले, "जानेवारीत आम्ही जाळपट्टा काढतो. आमच्याकडे माणसं कमी आहेत. येता का मदतीला? आणि तुमचे डबे कुठं कुठं आहेत ते आधी दाखवा."

जाळपट्टा म्हणजे गवत पूर्ण वाळून वारा सुटायच्या आत, डोंगराला आडवी एक पट्टी आपणच सांभाळून जाळायची. पुढे वणवा आला तर त्या पट्टीपाशी त्याला खायला काही उरत नाही.

मी मामांना सांगायला गेले. ते म्हणाले, "मी येतो. इथलं वारं तुमाला कळायचं न्हाई."

जानेवारीतल्या त्या सकाळी गवतावर दव होतं. दोन्ही कडेचं गवत कापून ठेवलेलं. वनरक्षकांनी मधल्या गवताला काडी लावली आणि आम्ही ओल्या फांद्या घेऊन कडेनं उभे राहिलो. ज्वाळा कडेला आली की झोडपायची. मामा सारखे आभाळाकडे आणि गवताच्या शेंड्यांकडे बघत होते. एकदा त्यांनी हात वर केला, "थांबा! वारं वळतंय." वनरक्षकांनी लगेच काम थांबवलं. पाच मिनिटांनी खरंच वारा उलटा आला.

तरी एक डबा गेलाच. टर्नरनं औषधाच्या डबीएवढा एक छोटा डबा पट्टीतच एका खोडापाशी लपवला होता, आणि सांगायचं विसरला होता. डबी फुटल्याचा आवाज आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "भावा, स्वतःच्याच हातानं जाळलास!" आयटीवाल्यांपैकी एक म्हणाला. मग टर्नर स्वतःही हसायला लागला. त्या आगीजवळ मला हसू येईल असं वर्षापूर्वी वाटलं नसतं.

पट्टा झाल्यावर मी वर त्याच दोन दगडांमध्ये नवा डबा आणि नवी वही ठेवली. एप्रिलमध्ये पलीकडच्या रस्त्याच्या वळणावर कुणीतरी पेटती काडी टाकली असावी. दुपारी पुन्हा कँटीनच्या खिडकीतून धूर दिसला. तासाभरात मामांचा फोन. मागून माणसांचा गलका ऐकू येत होता.

"पट्ट्यापाशी थांबली बघा! वरचं गवत हाय तसं हाय. तुमचा नवा डबाबी हाय, मी झाकण उघडून बघितलं."

"तुम्ही आगीजवळ कशाला गेलात, मामा?"

"मी एकटा न्हाई गेलो. सगळं गाव गेलं व्हतं."

त्या वर्षी मामांनी आपल्या खालच्या अंगाचं गवत जाळलं नाही. विळ्यानं कापून गुरांसाठी रचून ठेवलं. मी भेटायला गेले तर पाठ धरून बसलेले.

"जाळायला काडी पुरती," ते कुरकुरले, "कापायला माणसं लागत्यात. पुढच्या साली तुमचं ते सहा जण आणा. आणि येताना विळं आणा. माझ्याकडं दोनच हायती."

मी आमच्या सहा जणांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. पहिलं उत्तर टर्नरचं आलं : 'विळ्यांना धार मी लावतो.'