कच्चा रस

तळोद्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यात जामसिंग राहायचा. साल असेल एकोणीसशे पस्तीस-छत्तीस. नाल्यात दगडाखाली हात घालून, न बघता खेकडा पकडावा तर त्यानेच. मादी लागली की सोडून देई. शेजारची तुळशीबाई म्हणे, "पाण्यातल्या बायासुद्धा चाचपून बघतो मेला!" त्याची बायको तापीबाई वरवर रागवायची आणि मनातून खूश व्हायची.

मग जामसिंगला खोकला लागला. थुंकी पडे ती गंजलेल्या विळ्याच्या रंगाची. खोकल्यावर पाड्यात औषध एकच: जिवंत खेकडा पाट्यावर ठेचायचा, फडक्यातून पिळायचा आणि मीठ टाकून रस कच्चाच प्यायचा. चुलीवर ठेवला की गुण जातो, ही पक्की समजूत. जामसिंग लहानपणापासून असाच रस पीत आला होता, आताही प्याला.

आता खरी गोष्ट अशी, की रोग त्या खेकड्यातच होता. बारीक किडा. कच्च्या रसातून पोटात शिरतो आणि फुप्फुसात घर करतो. चांगली उकळी दिली असती तर मेला असता. पण सांगणार कोण? भगताला ठाऊक नव्हतं, आणि बाजाराच्या दिवशी तळोद्याला बसणाऱ्या डॉक्टरनेही नळी लावून सांगितलं, "क्षय आहे. घरात तरुण कोणी असेल तर वेगळा राहा."

घरात सोनीबाई होती. एकुलती मुलगी, लग्न ठरलेली. जामसिंगने मुकाट्याने शेताच्या कडेला झोपडं बांधलं.

"बायकोने हाकललं वाटतं! फार घोरतोस का रे दादा?" तुळशीबाईने विचारलं.

"घोरण्यावर भागलं असतं तर काय पाहिजे होतं, बाई," म्हणत तो हसायला गेला आणि वाकून खोकतच बसला. तुळशीबाई गप्प झाली. तिच्यासारखी बाई गप्प झाली, यावरूनच पाड्याने काय ते ओळखलं.

सोनी बांधावरून हाक मारी. "बा, जवळ येऊ?"

"नको. वारा तुझ्याकडे वाहतोय. पलीकडे उभी राहा."

रोगाने पोरीला शिवू नये, तिच्या अंगात ताकद राहावी, म्हणून तो धापा टाकत नाल्यात उतरे आणि चांगले भरलेले खेकडे बांधावर ठेवून जाई. तापीबाई रस काढी. सोनीला वासानेच मळमळे.

"बाने जीव टाकून आणलेत. पी गुमान."

ती पिई.

पुढच्या पावसाळ्यानंतर सोनी खोकू लागली. थुंकी तसलीच. ठरलेलं लग्न मोडलं.

"माझ्या ताटात जेवली का ती?" जामसिंगने तापीबाईला विचारलं.

"नाही."

"झोपडीत आली?"

"कुठली येते! तूच हाकलायचास."

"मग रोग वाऱ्यानेच गेला," तो म्हणाला.

त्याने झोपडं मोडलं आणि नाल्यापार, कड्याच्या आडोशाला जाऊन राहिला. सोनीची हाक तिथवर पोचत नव्हती. खेकड्यांची टोपली मात्र रोज अलीकडच्या काठावर येऊन पडे, आता गच्च भरलेली. तापीबाई ती घरी आणी आणि पाटा धुवायला घेई.